मांडणी

संगणकापुढे बसा, पण बटण दाबू नका. पडदा काळाच राहू द्या. त्यात तुमचा चेहरा अंधुक दिसेल, मागची खिडकी दिसेल, खिडकीबाहेर कडुनिंब असेल तर त्याची हलती फांदीही दिसेल. पाठ टेकवा. दोन्ही हात मांडीवर ठेवा. आज नवं काही शिकायचं नाही. रोज ज्या पडद्यासमोर आपले सहा-आठ तास जातात, तो एकदा सावकाश पाहायचा आहे, एवढंच.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘मांडणी’ म्हटलं की भेंडवळ आठवतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा त्यांचे वंशज आजही चालवतात. जमिनीवर गोल रिंगण आखतात. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस अशी अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि पापड, कुरडई, भजे, वडा, पान-सुपारी. मग सगळे तिथून निघून जातात. रात्रभर त्या जागी कोणी फिरकत नाही. पहाटे येऊन बघतात: कुठलं धान्य जागेवर आहे, कुठलं विखुरलं, कुठलं ढेकूळ भिजलं.

त्यावरून निघणाऱ्या भाकिताबद्दल ज्याचं त्याचं मत आहे. मला मोलाची वाटते ती तिथली रीत. प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवायची. हात काढून घ्यायचा. रात्र जाऊ द्यायची. सकाळी वाकून पाहायचं की काय हललं आणि काय राहिलं. खामगावात टायपिंगची आणि लग्नपत्रिकांची कामं करताना माझी बरीच वर्षं गेली, आणि पडदा आपल्या कामाला जुळवून घ्यायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. आज आपण तीच करू.

आता बटण दाबा.

पडदा उजळला की लगेच माउसकडे हात नेऊ नका. समोर काय आहे ते फक्त पाहा. याला आपण डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे टेबलाचा वरचा भाग. हे टेबल कुणाचं? 1981 साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. कागद, फोल्डर, फायलींचा खण, टपालाची पेटी, सगळं चित्ररूपाने पडद्यावर मांडलेलं होतं. समोर होतं परदेशातलं त्या काळचं ऑफिस, आणि त्या ऑफिसातलं टेबल. तेच टेबल फिरत फिरत आपल्या घरी आलं.

खामगावात कामाची बैठक वेगळी होती. जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा 1870 साली सुरू झाला तो इथल्या कापसासाठी. त्या बाजारातल्या अडत्याची पेढी डोळ्यांपुढे आणा. पांढरी गादी, पाठीला लोड, मांडीपुढे उताराची लाकडी पेटी. उजव्या हाताला दौत, डाव्या हाताला चोपड्या, रोजची सर्वांत वर. पेटीचा उतार मुनीमजींच्या बसण्याप्रमाणे. दुसरा कोणी त्या गादीवर बसला तर त्याला दौत सापडायला वेळ लागे. मुनीमजींचा हात मात्र न पाहता तिच्यावर जाई.

आपल्याकडे वखर असो की तिफण, गावचा सुतार ती करून द्यायचा तेव्हा शेतकऱ्याची उंची बघायचा, बैलजोडी बघायचा, जमीन काळी की बरड ते विचारायचा. अवजार माणसाला बेतून मिळायचं. संगणक तसा येत नाही. लाखो माणसांना चालेल असा, म्हणून कोणा एकाच्याही मापाचा नसलेला, असा तो खोक्यातून निघतो. त्याला आपल्या मापाचा करायचं सुतारकाम आपल्याकडे राहतं. आणि पुष्कळ जण ते कधीच करत नाहीत. मशीन जसं आलं, तसंच दहा वर्षं वापरतात.

मशीन आपल्या मापाचं करायची सोय ज्यांनी दिली, त्यांनी ती प्रेमाने दिली होती, हेही लक्षात घ्या. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकामध्ये बटणांचा वेग कमी-जास्त करायला एक छोटी पट्टी होती. तिच्यावर ‘हळू’ आणि ‘जलद’ असे शब्द लिहिलेले नव्हते. एका टोकाला कासव होतं, दुसऱ्या टोकाला ससा. ज्याला जे मानवेल ते त्याने घ्यावं. आपण कासव की ससा, हे मात्र आपल्यालाच ठाऊक हवं. इथून आपलं मनन सुरू होतं.

एक कागद घ्या, पेन्सिल घ्या. उद्याचा पूर्ण दिवस कुठलीही सेटिंग बदलायची नाही. फक्त नोंद करायची. कुठली फाइल उघडली, कुठे शोधाशोध झाली, कुठे डोळे बारीक केले, कुठे हात अडला. प्रत्येक वेळी एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, पोती मोजताना हमाल मारतात तशी.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळी कागद पाहून गप्प झालो. लग्नपत्रिकांच्या फोल्डरसमोर रेघांच्या जुड्याच जुड्या होत्या, आणि तो फोल्डर चार फोल्डरांच्या पोटात होता. एका लग्नसराईत तो कितीदा खणून काढला असेन! पडद्यावर अगदी समोर मात्र एका खेळाचं चित्र होतं, जे कोणीच उघडत नव्हतं. आपण काय करतो याची माझी कल्पना आणि मी खरोखर काय करतो, या दोन गोष्टी त्या कागदावर शेजारी शेजारी आल्या. तुमचा कागदही तुम्हाला असं काही सांगेल. तो खोडू नका. त्याच्यापुढे थोडा वेळ बसा.

मग मांडायला घ्या. सर्वांत आधी जमीन रिकामी करा. पडद्यावर पसरलेली सगळी चित्रं एका फोल्डरात टाका. काही पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं. आता पार्श्वभूमीचं चित्र पूर्ण दिसेल. आमच्या भागात ते बहुधा शेगावच्या गजानन महाराजांचं असतं, सिंदखेड राजाच्या जिजाऊंचं असतं, नाहीतर लोणारचं सरोवर असतं. एका सेवा केंद्रात मी पाहिलं होतं: महाराजांच्या फोटोवर डाव्या बाजूला चित्रांच्या चार रांगा आल्या होत्या आणि चेहरा झाकला गेला होता. काम करणाऱ्या मुलीने एक एक चित्र धरून उजवीकडे नेलं. चेहरा मोकळा झाला तेव्हा तिने हात जोडले आणि मग पुढच्या माणसाचा अर्ज घेतला. तिने पडद्यावर काय केलं? जे तिला रोज पाहायचं होतं त्याला जागा दिली. तुम्हाला रोज काय पाहायचं आहे? उत्तर सुचेपर्यंत साधा रंगही चालेल. रिकामं शेतही शेतच असतं.

आता जवळच्या वस्तू. कागदावर ज्यांच्यासमोर सर्वांत जास्त रेघा आहेत अशा चार-पाच निवडा. त्याहून जास्त नकोत. मिसळणाच्या डब्यात सातच वाट्या असतात. घरात मसाले वीस असले तरी रोजची फोडणी त्या सातांत होते.

त्यांना कुठे ठेवायचं? पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली एक नियम मांडला: एखाद्या जागी हात पोचायला लागणारा वेळ त्या जागेचं अंतर आणि तिचा आकार यांवर ठरतो. जवळचं आणि मोठं लवकर गाठता येतं, दूरचं आणि बारीक उशिरा. पडद्यावर याला एक सुंदर जोड मिळते. माउसचा बाण कडेला गेला की पुढे जात नाही, तिथेच थांबतो. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. बैल धुऱ्याशी आला की आपोआप वळतो, त्याला ओढून धरावं लागत नाही. पडद्याची कड तसा धुरा आहे. तिथे ठेवलेली वस्तू नेम न धरता हाती लागते. म्हणून रोजची चार कामं खालच्या पट्टीवर, ठरलेल्या क्रमाने ठेवा. विंडोजमध्ये खिडकीच्या चिन्हाचं बटण धरून 1 दाबलं की पट्टीवरचं पहिलं उघडतं, 2 दाबलं की दुसरं. क्रम एकदा ठरला की तो बदलू नका. आठ दिवसांत आकडा बोटात उतरतो.

इथे थोडं थांबा. हात परत मांडीवर.

आता हातांकडेच पाहा. मी मराठी टंकलेखन शिकलो ते यंत्रावर, लोखंडी यंत्रावर. तिथे ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी मारायची, मग क. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी. बोटांना ती सवय पक्की झाली. पुढे संगणकावर जुने फॉन्ट आले तेही तसेच. फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सगळी मराठी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसायची. माझ्या हातच्या किती पत्रिका अशा वाचेनाशा झाल्या!

मग इनस्क्रिप्ट शिकलो. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही कळपाटाची मांडणी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जसं उच्चारतो तसं टायपायचं: आधी क, मग वेलांटी. आपल्या जिल्ह्याचं नावच टायपून पाहा. ब उजव्या हाताने, उकार डाव्याने, ल उजव्याने, ढ उजव्याने, काना डाव्याने. ण खालच्या ओळीत डाव्या हाताखाली, पुन्हा काना. हात झोक्यासारखे इकडून तिकडे जातात. ड आणि ढ एकाच बटणावर आहेत, फरक फक्त शिफ्टचा. ‘बुलडाणा’ लिहावं की ‘बुलढाणा’, हा आमच्याकडचा जुना प्रश्न. कळपाटावर दोन्हींच्या मध्ये एकच बोट आहे.

ती नवी मांडणी शिकताना पहिले दोन महिने मी रडकुंडीला आलो. चाळिशीनंतर बोटांनी बालवाडीत जायचं, हे सोपं नव्हतं. माझे टायपिंगचे जुने सर तेव्हा म्हणाले होते, “घाई करू नको, बाप्पा. हात शिकला का डोये मोकये होतात.” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा अर्धाच कळला.

तुम्ही कुठली मांडणी घ्यावी हे मी सांगणार नाही. रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टंकयंत्राचा, हात बसला असेल तर त्याच सवयीने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रीतीने, लिहिता येतं. रोमन अक्षरांतून लिहीत असाल तर तेही चालतं. मात्र एकदा डोळे मिटून स्वतःला विचारा: मी लिहितो तेव्हा लक्ष शब्दाकडे असतं की बटणाकडे? उत्तर ‘बटणाकडे’ असेल, तर आपल्या हाताला अजून त्याची जागा मिळालेली नाही. ती मिळवून द्यायला दोन महिने लागले, तरी ते दोन महिने वाया जात नाहीत.

पुढे डोळे. अक्षर मोठं करण्यात कमीपणा मानू नका. 100 टक्क्यांवरून 125 वर नेलं तर पडद्यावर चार ओळी कमी मावतील, पण मान पुढे झुकणार नाही. उजेडाचंही तसंच. माझ्या दुकानाचं शटर पश्चिमेला आहे. वैशाखात चारनंतर ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीत माझाच चेहरा दिसतो आणि अक्षरं हरवतात. म्हणून दिवसा पांढरा पडदा, रात्री मंद आणि पिवळसर. दुसऱ्या कुणाला काळा पडदा शोभून दिसत असेल. माझं दुकान पश्चिमेला आहे, हे माझ्या पडद्याला ठाऊक असलेलं बरं.

आता कान. एक दिवस मशीन किती वेळा टण् करतं ते मोजा. त्यांतल्या किती टण्कारांमुळे तुम्ही काही केलं? बाकीचे बंद करा. ज्या आवाजाने उठायचं आहे तेवढाच ठेवा, मग तो आला की तुम्ही खरोखर उठाल.

आणि वीज. हे आपल्या भागाचं खास प्रकरण. एका उन्हाळ्यात मी बारा पानांचा मजकूर सलग टायपत होतो. वीज गेली, बॅटरीही म्हातारी झाली होती, पडदा मिटला. परत सुरू केलं तेव्हा शेवटची तीन पानं नव्हती. वर्ड असो की लिबरऑफिस, अडचणीच्या वेळेसाठीची प्रत आपल्याच मशीनवर दर 10 मिनिटांनी ठेवली जाते, असं मूळ गणित असतं. ज्या गावी दिवे जात नाहीत तिथे ते ठीक आहे. मी ते 2 वर आणलं. आजवर केलेल्या बदलांत सर्वांत छोटा आकडा तो हाच, आणि सर्वांत जास्त निवांतपणा त्यानेच दिला. आपलं काम आपल्या हवेत, आपल्या विजेवर, आपल्या भिंतींच्या आत होतं. मांडणीला त्या सगळ्याची खबर हवी.

मशीन घरात एकटंच असेल आणि वापरणारे तिघे असतील, तर आणखी एका गोष्टीवर मन ठेवा. माझी मुलगी डावखुरी आहे. ती बसली की माउसची बटणं उलटी करायची, मी बसलो की चुकीच्या जागी टिचकी पडायची. रोजची कुरबुर. शेवटी दोघांची खाती वेगळी केली. आता ती आपल्या नावाने आत जाते तेव्हा तिची बटणं, तिचा फोटो, तिची अक्षरं तिची वाट पाहत असतात. भेंडवळच्या रिंगणात रात्री कोणी पाऊल टाकत नाही, तसं दुसऱ्याच्या मांडणीत न विचारता हात घालू नये. त्याच्या सवयी तिथे उघड्यावर मांडलेल्या असतात.

झालं. आता हात काढून घ्या. आज आणखी काही सुधारू नका. मशीन बंद करा आणि उठा. आठ दिवस त्या मांडणीतच काम करा.

आठव्या दिवशी सकाळी लवकर बसा, रिंगणाशी वाकतात तसे. जागेवर काय राहिलं? काय हललं? मी मोठ्या हौसेने पट्टीवर ठेवलेलं एक चित्र आठ दिवसांत एकदाही दाबलं नव्हतं. ते काढलं. ‘दोन मिनिटांसाठी’ म्हणून रिकाम्या जमिनीवर टाकलेल्या सहा फायली तिथेच पडून होत्या. त्यांना घर दिलं. आणि एक गोष्ट खटकली. बातम्यांचं पान मी हाताशी ठेवलं होतं, म्हणून प्रत्येक पत्रिकेनंतर हात तिकडेच जात होता. सवय होती म्हणून तिला जवळची जागा दिली, आणि जवळ आल्यावर ती वाढली. आमची आजी गुळाची ढेप शिंक्यावर ठेवायची. गूळ घरात होता, पण हात वर करावा लागे, आणि हात वर करताना कळायचं की आपण गूळ घेतोय. बातम्यांचं पान मी शिंक्यावर टाकलं. प्रत्येक सवयीला सोय करून द्यायची नसते. काही सवयींना थोडं दूर ठेवणं, हीसुद्धा त्याच कामाची मांडणी असते.

शेवटी थोडा वेळ डोळे मिटा, आणि हे सगळं कशासाठी केलं ते मनात येऊ द्या.

मागच्या खरिपात एक आजोबा दुकानात आले. सोयाबीन पाण्यात गेलं होतं, अर्ज टायपून हवा होता. चार घड्या घातलेला सातबारा त्यांनी खिशातून काढला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला आणि बोलायला लागले. फोल्डर पहिल्या आकड्यावर होता. अक्षरं माझ्या डोळ्यांच्या मापाची होती. बोटं आपोआप चालत होती. आणि माझ्या ध्यानात आलं की मी पडद्याकडे पाहतच नाही. मी त्यांच्याकडे पाहत होतो. गट नंबर सांगताना ते थांबले, गळा भरून आला, तेव्हा मीही टायपायचं थांबलो. पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी पिईपर्यंत दोघेही काही बोललो नाही.

सरांच्या वाक्याचा उरलेला अर्धा अर्थ त्या दिवशी कळला. डोळे मोकळे झाले, ते त्यांच्यासाठी.

आता डोळे उघडा. तुमच्या पडद्यापलीकडे कोण बसलं आहे?